पाखे आणि पागोळ्या

वाढत्या शहरांतील घरबांधणीविषयी लिहिलेल्या ग्रंथाची प्रस्तावना भीमाशंकराच्या डोंगरात बसून लिहावी, हे कित्येकांस विसंगत वाटेल; कारण येथे शहर तर नाहीच, पण ज्याला आपण इमारत म्हणतो तीही क्वचितच दृष्टीस पडते. तथापि ग्रंथकर्ते, जे एकेकाळी माझ्या वर्गात बसत आणि आज स्वतः इमारती उभ्या करतात, त्यांनी हस्तलिखित माझ्या स्वाधीन केले तेव्हा ते वाचण्यासाठी मी बुद्ध्याच ही जागा निवडली. पुण्याच्या घरांची वाळू ज्या नदीने शतकानुशतके वाहून आणली त्या भीमेचा उगम येथे आहे. आणि घर म्हणजे ऊन, पाऊस व वारा यांच्याशी माणसाने केलेला करार होय, ही ग्रंथकर्त्यांची मूळ कल्पना या मुलखात जितकी उघड्या डोळ्यांना दिसते तितकी पुण्यात ती शोधूनही सापडत नाही.

आंबेगाव तालुक्याच्या पूर्व टोकाला लोणी-धामणीचा दुष्काळी पट्टा आहे. तेथून निघून मंचर, घोडेगाव, शिनोली, डिंभे, तळेघर अशा वाटेने पश्चिमेस भीमाशंकरापर्यंत यावे. अंतर शंभर किलोमीटरही नाही, परंतु तेवढ्यात पावसाचे मान वीस-पंचवीस इंचांवरून शंभर इंचांच्या पलीकडे जाते. या प्रवासात ज्याने केवळ जुन्या घरांच्या छपरांकडे लक्ष ठेवले त्याला पर्जन्यमापकाची गरज पडू नये. पूर्वेकडे धाब्याची घरे होती: जाड मातीच्या भिंती, वर माळवद, त्यावर उन्हाळ्यात धान्य वाळवावे आणि रात्री अंथरूण टाकावे. मंचर-घोडेगावाच्या आसपास कौलारू पाखी दिसू लागतात, पण त्यांचा उतार सौम्य. डिंभ्याच्या पुढे चढण लागली की पाखीही चढू लागतात, आणि तळेघरापलीकडच्या वाड्यावस्त्यांत ती इतकी खाली उतरतात की दारात शिरताना चांगला उंच माणूस कमरेत वाकतो. हा उतार कोणत्याही अभियंत्याने ठरवलेला नाही. ज्याचे छप्पर उतारात कमी पडले त्याचे घर गळले आणि पुढच्या वर्षी त्याने ते सुधारले. अशा असंख्य दुरुस्त्यांचा निष्कर्ष म्हणजे हा उतार.

भीमाशंकराच्या परिसरातील महादेव कोळ्यांच्या एका वाडीत मी जे घर पाहिले त्याचे वर्णन थोड्या विस्ताराने करतो, कारण ग्रंथाच्या दुसऱ्या प्रकरणातील आकडे समजून घेण्यास ते उपयोगी पडेल. मेढींवर आढे, आढ्यावरून दोन्ही अंगांनी उतरणारे वासे, आणि भिंतींच्या जागी कारवीचा कूड. कारवीच्या सरळ काठ्या जवळजवळ उभ्या करून आडव्या बंधांनी आवळलेल्या, त्यांवर आतून-बाहेरून माती, शेण व भाताचे तूस यांचे लिंपण. ही भिंत तीन बोटांहून फारशी जाड नाही. दिवाळीच्या सुमारास घरातील आजी बाहेरच्या अंगाचे लिंपण नवे करीत होत्या. तळहात अर्धवर्तुळात फिरवीत, प्रत्येक वळण आधीच्या वळणावर किंचित चढवीत. मध्येच त्या थांबत, अंगठ्याने एखादी जागा दाबून पाहत आणि तेथे पुन्हा माती भरीत. मी विचारले तेव्हा त्यांनी सांगितले, की पावसात जिथे झड लागते तिथली माती आतून पोकळ होते, वरून कळत नाही. पावसाळ्याआधी त्या भिंतीबाहेर गवताच्या ताट्या बांधल्या जातात त्या याच झडीसाठी.

अशी पातळ भिंत उन्हाळ्यात काय कामाची, असे देशावरच्या माणसाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु तिच्यावर ऊन पडतच नाही. खाली उतरलेली पाखी तिला दिवसभर छायेत ठेवतात. चार महिने हवेत पाणी भरलेले असते, त्या दिवसांत भिंतीने ओल धरून ठेवणे हीच मोठी आपत्ती, आणि कुडाची भिंत ओल घेते तशी सोडतेही. चुलीचा धूर आढ्यातून झिरपत बाहेर पडतो व जाताना छपरातील गवताला कीड लागू देत नाही. येथे जाड दगडी भिंत बांधली असती तर ती जूनमध्ये भिजून नोव्हेंबरपर्यंत वाळली नसती.

उलट जुन्नराच्या कसब्यात या. तेथील जुन्या वाड्यांची भिंत दीड-दोन हात रुंद. दगडी जोते, वर विटा किंवा माती, सागाच्या तुळया, कडीपाट आणि मध्यभागी चौक. वैशाखातील दुपारची उष्णता अशा भिंतीत शिरते खरी, पण पलीकडे पोहोचायला तिला दहा-बारा तास लागतात. तोपर्यंत रात्र झालेली असते आणि बाहेरची हवा थंड. रात्री चौकात उतरलेली गार हवा जड असल्यामुळे तळाशी राहते, सोप्यात आणि माजघरात पसरते, आणि सकाळी दारे-खिडक्या लावून घेतल्या की दुपारपर्यंत पुरते. ओटीवर बसून हिशेब लिहिणाऱ्या कारकुनाला याची उपपत्ती ठाऊक नसेल, परंतु दार केव्हा उघडावे आणि केव्हा लावावे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक होते. घर हे चालवावयाचे असते, नुसते राहावयाचे नसते, ही जाण आपल्या सदनिकांतून जितकी लोपली आहे तितकी दुसरी कोणतीही गोष्ट लोपली नसेल.

उन्हाचे झाले, आता पाण्याचे. जुन्नराजवळच्या मानमोडीच्या डोंगरात लेण्यांचा एक समूह आहे, त्यालाही योगायोगाने भीमाशंकर लेणी असेच म्हणतात. तेथे महाक्षत्रप नहपानाचा अमात्य, वच्छ गोत्रातील अयम, याचा वर्ष ४६ चा शिलालेख आहे. नहपानाच्या या प्रधानाने दानात काय दिले, तर एक मंडप आणि एक पोढी. पोढी म्हणजे खडकात खोदलेले पाण्याचे टाके. बसण्याची जागा आणि पिण्याचे पाणी यांचा उच्चार एका श्वासात, एकाच दानलेखात व्हावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. डोंगरावर पडणारे पाणी खोदलेल्या पन्हळींतून टाक्यात आणण्याची ही विद्या सह्याद्रीतील बहुतेक लेण्यांत आणि गडांवर आहे. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी पाहिलेल्या वाचकांना ती अपरिचित नाही.

आता पुण्याकडे वळू. २०११ च्या खानेसुमारीत पुणे शहराची वस्ती ३१ लाखांवर आणि पिंपरी-चिंचवडची १७ लाखांवर होती. त्यानंतरची वाढ ज्याला पाहावयाची असेल त्याने पुणे-नाशिक रस्त्याने चाकण, राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव असे केवळ जाऊन यावे. या सर्व ठिकाणी घर एकच आहे. सिमेंट-काँक्रीटचा सांगाडा, त्यात सहा किंवा चार इंची भिंती, वर पाच इंची स्लॅब, आणि ज्या बाजूला रस्ता त्या बाजूला मोठी काचेची खिडकी, मग ती बाजू पश्चिम असो की पूर्व. शंभर किलोमीटरांत ज्या मुलखाने तीन प्रकारची छपरे निर्माण केली, त्याच मुलखात आता पाऊस कितीही पडो आणि ऊन कसेही लागो, छपराला एकच रूप उरले आहे.

याचा परिणाम मी स्वतः भोगलेला आहे म्हणून अधिकाराने सांगतो. पुण्यात माझे बिऱ्हाड एका इमारतीच्या शेवटच्या मजल्यावर आहे, आणि निजण्याची खोली नैर्ऋत्येला. घर घेताना नकाशा माझ्यापुढे होता, दिशा माझ्यापुढे होत्या, आणि तरीही मी फरशीचा रंग पाहत बसलो. पहिल्या एप्रिलात रात्री अकरा वाजता पश्चिमेच्या भिंतीवर तळहात ठेवला तेव्हा ती नुकत्याच उतरवलेल्या तव्यासारखी लागली. दुपारी शिरलेली उष्णता सहा इंचांच्या भिंतीतून नेमकी आमच्या निजण्याच्या वेळी आत उतरत होती. आम्ही पडदे लावले. उपयोग झाला नाही, कारण काचेतून एकदा आत आलेले ऊन पडद्याला तापवते आणि पडदा खोलीला. पुढे खिडकीच्या बाहेरून बांबूच्या चिकाचे पडदे सोडले आणि गच्चीवर कोबा करून त्यावर चिनीमातीचे पांढरे तुकडे बसवले, तेव्हा कोठे पंख्यावर भागू लागले. ऊन अडवायचे ते दाराबाहेर, हा धडा वयाच्या उत्तरार्धात मला त्या भिंतीने दिला.

या प्रदेशात सूर्याची चाल कशी असते हे ग्रंथकर्त्यांनी आकृत्यांसह दिले आहे, आणि माझ्या मते हे प्रकरण प्रत्येक घर घेणाऱ्याने, मग तो पुढचे पान उलटो वा न उलटो, वाचावेच. १९ अक्षांशाच्या आसपास मेच्या मध्याला माध्यान्हीचा सूर्य नेमका डोक्यावर येतो, पुढे सुमारे अडीच महिने तो किंचित उत्तरेकडे असतो, जुलैच्या शेवटच्या आठवड्यात पुन्हा डोक्यावर येऊन दक्षिणेकडे सरकतो, आणि डिसेंबरच्या शेवटास माध्यान्ही तो क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच राहतो. याचा व्यवहारातील अर्थ सरळ आहे. उन्हाळ्यात सर्वांत अधिक उष्णता छपरावर पडते, त्याखालोखाल पूर्व-पश्चिमेच्या भिंतींवर. दक्षिणेच्या भिंतीला उन्हाळ्यात फारसे ऊन लागत नाही आणि थंडीत हवेहवेसे ऊन मिळते, व दोन फुटांचा छज्जा असला म्हणजे नको असलेले तेवढे अडते. असे असताना दक्षिण अशुभ म्हणून तिकडची खिडकी बुजवावयाची आणि देखाव्यासाठी पश्चिमेला काचेची भिंत उभारावयाची, असा प्रकार सर्रास चालतो. आणि मग त्या चुकीचा दंड दर महिन्याच्या वीजबिलातून, इमारत उभी असेतोवर, पिढ्यान्‌पिढ्या भरला जातो. घराची शीतलता ही पाया आखतानाच ठरते. ती नंतर यंत्राने विकत घेणे म्हणजे बांधणाऱ्याने वाचवलेले पैसे राहणाऱ्याच्या खात्यात नावे टाकणे होय.

वीजबिल तरी दर महिन्याला दिसते. न दिसणारा खर्च त्याहून मोठा आहे. सिमेंट करण्यासाठी चुनखडी सुमारे १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते, आणि त्या भट्टीतून जो कर्बवायू बाहेर पडतो त्यातील निम्म्याहून अधिक भाग इंधनाचा नसून त्या दगडाच्याच पोटातला असतो. म्हणून इंधन कितीही शुद्ध वापरले तरी तो टळत नाही. चुनाही भाजावाच लागतो, परंतु ९०० अंशांच्या आसपास, आणि भिंतीत बसल्यावर तो तोच वायू हवेतून हळूहळू परत घेत घट्ट होतो. घाण्यात मळलेल्या चुन्यात आपले गवंडी गुळाचे पाणी, बेलफळाचा गर आणि हिरडा घालीत. हिरडा हे या डोंगरातील आदिवासींचे रोख उत्पन्नाचे साधन. पेशवाईतील किती भिंतींच्या सांध्यांत तो जिरला असेल याचा हिशेब कोणत्या दफ्तरात असेल असे वाटत नाही. वाळूचा हिशेब मात्र डोळ्यांना दिसतो. घोड आणि भीमा यांच्या पात्रांतून लिलाव घेऊन व न घेताही इतकी वाळू उपसली गेली, की पुष्कळ ठिकाणी नदीची खडकाळ बरगडी उघडी पडली. वाळू हे नदीचे पाणी साठवण्याचे पात्र. ते गेले आणि काठच्या विहिरी आटल्या. आता डोंगर फोडून, खडी दळून कृत्रिम वाळू केली जाते. नदीवरचा भार अशा रीतीने डोंगरावर आला आहे.

आणि डोंगराला भार किती सोसतो याविषयी या तालुक्यात तरी कोणी अनभिज्ञ राहू नये. ३० जुलै २०१४ च्या सकाळी येथून जवळच, माळीण गावावर डोंगराचा कडा उतरला आणि दीडशेहून अधिक माणसे घरांसह गाडली गेली. अतिवृष्टीने झिजलेल्या खडकावरचा मातीचा थर पाण्याने जड होऊन सुटला. त्या उतारावर माणसाने केलेल्या फेरफारांचा वाटा किती, याविषयी जाणकारांत मतभेद आहेत आणि त्यांत पडण्याचा माझा अधिकार नाही. आमडे येथे नवे गाव वसले, घरे भूकंपाला टिकतील अशी मजबूत बांधली, २०१७ च्या एप्रिलमध्ये ती लोकांच्या ताब्यात दिली. आणि त्याच वर्षीच्या पहिल्या पावसात तेथील भराव व रस्ते खचल्याच्या बातम्या आल्या. त्या बातम्या वाचताना माझ्या मनात आले, की आपण घराची भिंत मजबूत करावयास शिकलो, पण ज्या उतारावर घर उभे राहते त्याचे पाणी कोठून येते आणि कोठे जाते हे विचारावयास अजून शिकलो नाही. पुण्याच्या टेकड्यांच्या उतारांवर आज ज्या वेगाने खोदाई चालली आहे ती पाहून हीच भीती मला अनेकदा वाटते. ग्रंथात उतारावरील बांधकामाला अवघी चार पाने आहेत. पुढील आवृत्तीत ती चाळीस व्हावीत अशी माझी ग्रंथकर्त्यांस आग्रहाची विनंती आहे.

हा विषय आपल्याकडे नवा आहे असे मात्र कोणी समजू नये. पुण्याचे अभियंते रा. श्री. देशपांडे यांनी मध्यमवर्गीयांच्या घरांविषयी इंग्रजीत जी पुस्तके लिहिली, त्यांपैकी ‘मॉडर्न आयडियल होम्स फॉर इंडिया’ हे १९३९ चे. वर्ध्याजवळ सेवाग्रामला माती, बांबू आणि कवेलू यांनी बांधलेली बापूकुटी अजून उभी आहे. घराचे सामान पाच मैलांच्या परिघातून मिळावे, या गांधीजींच्या विचाराचा ठसा घेऊन लॉरी बेकर या मूळच्या इंग्रज वास्तुविशारदाने केरळात अनेक दशके स्वस्त, हवेशीर घरे बांधली आणि पोकळी ठेवून विटा रचण्याची अशी रीत रूढ केली, की जीत वीट कमी लागते आणि ऊनही कमी शिरते. सरकारी बाजूने पाहता, ऊर्जा संवर्धनाचा कायदा २००१ चा, आणि निवासी इमारतींसाठी ‘इको-निवास संहिता’ २०१८ ची. भिंती-खिडक्यांवाटे घरात येणारी उष्णता दर चौरस मीटरला १५ वॅटपेक्षा अधिक असू नये, असा तिचा दंडक आहे. पिंपरी-चिंचवड महापालिकेने हरित इमारतींचे ‘गृह’ मानांकन मिळवणाऱ्या इमारतींना करात सूट देण्याची पद्धत सुरू केली, हेही स्तुत्य. परंतु संहिता स्थानिक नियमावलीत उतरल्याशिवाय आणि बांधकामाला मंजुरी देणाऱ्या टेबलावर कोणी पश्चिमेच्या भिंतीविषयी प्रश्न विचारल्याशिवाय, तिचे बळ कागदापुरतेच राहते.

एका मुद्द्यावर माझा आणि ग्रंथकर्त्यांचा मतभेद आहे, आणि तो लपवण्याचे कारण नाही. त्यांच्या लिखाणात कुडाच्या व मातीच्या घरांविषयी जे ममत्व आहे ते मलाही आहे. पण त्या घरात ज्याने दरवर्षी लिंपण केले नाही, गळक्या छपराखाली तान्हे मूल कोरडे ठेवण्यासाठी रात्र जागून काढली नाही, त्याने त्या घराचा आग्रह दुसऱ्यास धरू नये असे मला वाटते. चुलीच्या धुराने छप्पर टिकते, पण फुफ्फुसे बायकांची जातात. शिवाय १९८५ पासून येथे अभयारण्य आहे आणि त्याच्या हद्दीत कारवी तोडण्यास मज्जाव आहे. म्हणजे ते घर बांधावयाचे म्हटले तरी त्याचे साहित्य कायद्याने हाती लागणे कठीण. ज्या आजींचे वर्णन वर केले आहे, त्यांनाही पक्के घर हवे आहे, आणि तो त्यांचा हक्क आहे. घरकुल योजनेत किमान २५ चौरस मीटरांचे घर मिळते. ते पत्र्याचे झाले तर जूनमध्ये पावसाच्या आवाजाने शेजारचा शब्द ऐकू येत नाही आणि मेमध्ये दुपारी आत थांबवत नाही. स्लॅबचे झाले तर पावसाळाभर ओल उतरते. तेव्हा कुडाचे घर टिकवावे की पाडावे, हा वादच मला गौण वाटतो. त्या घराला जे कळत होते ते नव्या घराला कोण शिकवणार, हे ठरले पाहिजे.

त्याच आजींचा नातू चाकणच्या एका कारखान्यात आहे. त्याने मंचरच्या बाहेर दीड गुंठा जागा घेतली असून तेथे घर बांधावयाचे ठरवले आहे. मी आलो आहे असे कळल्यावर तो नकाशा घेऊन आला. रस्ता पश्चिमेला, म्हणून दिवाणखाना पश्चिमेला, निजण्याची खोली त्याच्या वर. जिना आत, उत्तरेच्या सावलीत सुरक्षित. मी म्हटले, “जिना उचलून पश्चिमेला ने, ऊन त्याला लागू दे. जिन्यात कोणी झोपत नाही.” त्याला ते पटले. दक्षिणेची खिडकी, छज्जा, गच्चीवर पांढरा कोबा, विटांच्या भिंतीत पोकळी, या गोष्टी एकेक करीत आम्ही नकाशात बसवल्या, आणि जवळजवळ तासाभराने त्याने तो कागद आजींपुढे धरला. त्या अक्षरे वाचत नाहीत. त्यांनी बोटाने बाहेरची रेघ फिरून पाहिली, चारी बाजूंनी, आणि मग विचारले,

“समदं झ्याक हाय. पन पागुळ्या कुठं पडायच्या?”

सपाट गच्चीला पागोळ्या नसतात. पाणी एका नळातून उतरून रस्त्यावरच्या गटारात जाणार होते. नातू माझ्याकडे पाहू लागला. मंचरला पाऊस २५ इंचांच्या आसपास धरला आणि छप्पर ६०० चौरस फुटांचे, तर वर्षाला साडेबाराशे घनफूट पाणी होते, म्हणजे सुमारे ३५ हजार लिटर. सगळे नाही तरी त्यातले बरेच साठवता येते. ईशान्येच्या कोपऱ्यात, जिथे त्याने मोटारसायकलीसाठी जागा ठेवली होती, तिथे मी पेन्सिलीने एक चौकोन काढला आणि वरून त्यात येणारी पन्हळ दाखवली. आजींनी विचारले, “ह्ये काय?” मी म्हटले, “टाके.” त्यांनी पुन्हा एकदा रेघेवरून बोट फिरवले, त्या चौकोनापाशी थांबल्या, आणि कागदाची घडी घालून नातवाच्या हातात दिली. जोत्याचे काम पाडव्यानंतर सुरू व्हावयाचे आहे.